महंत नसलेली वाट

आमच्या बीड जिल्ह्यात एखाद्या गडाचं किंवा मठाचं नाव निघालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गादीवर सध्या कोण? त्यात खोच नसते, विचारण्याची रीतच ती. नगद नारायण महाराजांचा नारायणगड, ज्याला आम्ही 'धाकटी पंढरी' म्हणतो, त्याचा इतिहास सांगायचा तर एकापाठोपाठच्या महंतांची नावं घेतच सांगावा लागतो. भगवानबाबा आधी याच गडावर होते. पुढे हा गड सोडून त्यांनी धौम्यगडावर, म्हणजे आजच्या भगवानगडावर, स्थान मांडलं. गाद्या, त्यांच्यावरचं प्रेम आणि त्यांवरून झालेली ताटातूट हे सगळं आमच्या माणसांना तोंडपाठ आहे. अगदी अलीकडे, 2024च्या दसऱ्याला, मनोज जरांगे पाटलांचा मेळावा नारायणगडावर झाला, तेव्हा सबंध राज्याने या डोंगराचं नाव ऐकलं.

म्हणून बहाई समाजाची महाराष्ट्रातली वाटचाल सांगायला बसलो, की समोरचा माणूस तोच प्रश्न विचारतो. यांचा महंत कोण? उत्तर ऐकून तो थबकतो, कारण यांना महंत नाही. पुजारी, मौलवी, धर्मगुरू, कीर्तनकार असं पदच नाही. दीक्षा देणारा नाही, अंगारा देणारा नाही, पाया पडून घेणाराही नाही. तरीही ही मंडळी मुंबईत सव्वाशे वर्षांहून जास्त काळ टिकून आहेत. आमच्या भागात बहाई म्हटलं की दिल्लीची कमळाची इमारत तेवढी लोकांना आठवते. मला मात्र त्या इमारतीपेक्षा हे टिकून राहणं जास्त मोलाचं वाटतं, आणि ते कसं घडलं हे नीट सांगावंसं वाटतं.

सुरुवात इराणातली. 1844च्या मे महिन्यात शिराझच्या एका तरुण व्यापाऱ्याने, ज्याला पुढे 'बाब' म्हणू लागले, नव्या युगाची घोषणा केली. सहा वर्षांनी त्याला गोळ्या घालून मारलं. त्याच्या अनुयायांपैकी बहाउल्लाह यांनी पुढे तोच धागा उचलला आणि स्वतःचा संदेश दिला. तेहरानच्या सरदार घराण्यातला हा माणूस आयुष्यातली चाळीस वर्षं तुरुंगात आणि हद्दपारीत काढून 1892 साली अक्का शहराजवळ वारला. मानवजात एक आहे, सर्व धर्मांचा उगम एक आहे, विज्ञान आणि धर्म यांत वैर नाही, स्त्री-पुरुष समान आहेत, ही त्यांची शिकवण. हे आज ऐकताना सोपं वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या इराणात त्यासाठी माणसं जीव गमावत होती.

बाब यांच्या नात्यातली अफनान मंडळी व्यापारी होती आणि त्यांच्या पेढ्यांचे धागे मुंबईपर्यंत आलेले होते. इराणात ज्या ग्रंथांची हस्तलिखितं लपवून ठेवावी लागत, ते ग्रंथ मुंबईत शिळाछापावर निघू लागले. बहाउल्लाह यांचा 'किताब-ए-ईकान' इथे छापला गेला. 1882 साली बहाउल्लाह यांचे पुत्र अब्दुल बहा यांचा इराणच्या सुधारणेवरचा फारसी निबंध लेखकाच्या नावाशिवाय मुंबईतच प्रसिद्ध झाला. शिक्षण, न्याय, सल्लामसलतीने चालणारा कारभार आणि लाचखोरीचा बंदोबस्त हे त्याचे विषय. आणि 1890-91च्या सुमाराला 'किताब-ए-अकदस', म्हणजे ज्यात या धर्माचे नियम आहेत तो मुख्य ग्रंथ, बहाउल्लाह हयात असतानाच मुंबईत छापून निघाला. एका जागतिक धर्माचा नियमग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो महाराष्ट्राच्या आजच्या राजधानीत, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचा दुसरा धागा पारशी समाजातून येतो. माणेकजी लिमजी हातारिया हे मुंबईच्या पारशांचे प्रतिनिधी म्हणून 1854 साली इराणात गेले. तिथल्या जरथुष्ट्री बांधवांवर लादलेला जिझिया कर रद्द व्हावा म्हणून ते वर्षानुवर्षं झटले आणि 1882 साली तो रद्द झाला. हे माणेकजी स्वतः बहाई नव्हते. पण त्यांचा बहाउल्लाह यांच्याशी पत्रव्यवहार होता आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना आलेली उत्तरं आज बहाई साहित्यात मानाने वाचली जातात. त्यांचे चिटणीस मिर्झा अबुल फजल पुढे बहाई धर्माचे मोठे विद्वान झाले. इराणातले कित्येक जरथुष्ट्री या नव्या विचाराकडे वळले आणि पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याला आले, तेव्हा हा विचार त्यांच्याबरोबर आला. चहाचं दुकान, बेकरी, छोटा व्यापार हे त्यांचे उद्योग. इराण्याच्या हॉटेलात ब्रून-मस्का खाताना गल्ल्यावर बसलेला माणूस कोणत्या श्रद्धेचा आहे हे गिऱ्हाइकाला कळण्याचं कारण नव्हतं.

प्रचारक म्हणावा असा एक माणूस मात्र होता, जमाल एफेंडी. बहाउल्लाह यांच्या सांगण्यावरून ते 1870च्या दशकात हिंदुस्थानात आले आणि मुंबईपासून रामपूर, लखनौ, कलकत्ता, मद्रास करत रंगूनपर्यंत गेले. त्यांनी कुठेही गादी मांडली नाही. ज्या गावी चार माणसं तयार झाली तिथे कारभार त्या चौघांवर सोपवून ते पुढे निघत.

त्या काळातली एक हकिगत मी ज्याला-त्याला सांगतो. सिडनी स्प्रेग हे अमेरिकन बहाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात फिरत होते. लाहोरला त्यांना विषमज्वराने गाठलं. अनोळखी शहर, जवळ कोणी नाही. मुंबईच्या बहाई मंडळींना कळलं, तेव्हा कैखुश्रू नावाचा त्यांच्यातला एक इराणी जरथुष्ट्री दुकानदार उठून लाहोरला गेला. त्याने स्प्रेग यांची शुश्रूषा केली, ते बरे झाले, आणि हा मात्र तिथेच पटकीने गेला. स्प्रेग यांनी पुढे 1908 साली काढलेल्या प्रवासवर्णनात ही कथा आहे. माणुसकी एक आहे असं म्हणणारे पुष्कळ असतात. मुंबईतला एक दुकानदार परक्या देशाच्या, परक्या भाषेच्या माणसासाठी हजार किलोमीटरांहून लांब जातो आणि परत येत नाही, तेव्हा त्या म्हणण्याला वजन येतं. या समाजाच्या वाटचालीतला पायाचा दगड कुठला, असं विचारलं तर मी शिळाछापाचं नाव घेणार नाही, या माणसाचं घेईन.

संस्था म्हणून बांधणी व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. सुरतेचे वकील नारायणराव 1909च्या सुमाराला या समाजात आले आणि पुढे अनेक वर्षं त्याचे आधारस्तंभ होते. 1920च्या डिसेंबरात मुंबईत अखिल भारतीय बहाई परिषद भरली. 1923 साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश मिळून राष्ट्रीय आध्यात्मिक सभा निवडली गेली. गावपातळीवर स्थानिक आध्यात्मिक सभा, देशपातळीवर राष्ट्रीय सभा, दोन्हींचे सभासद नऊ.

ही निवडणूक कशी होते ते सांगतो, कारण आमच्या भागात, जिथे सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा जेवणावळी उठतात, तिथे हे ऐकून माणसं गप्प होतात. उमेदवार नसतो. अर्ज भरायचा नसतो. कोणी कोणाचं नाव सुचवायचं नाही, पॅनेल करायचं नाही, मत मागायचं नाही. दर वर्षी एप्रिलमध्ये, रिझवानच्या सणात, गावातले प्रौढ बहाई एकत्र येतात, प्रार्थना करतात आणि प्रत्येकजण आपल्याला योग्य वाटतील ती नऊ नावं गुपचूप कागदावर लिहितो. सर्वांत जास्त मतं पडलेले नऊ जण पुढचं वर्षभर कारभार पाहतात. त्यांना एकट्यादुकट्याने काही अधिकार नाही. अधिकार फक्त सभेची बैठक भरलेली असताना त्या बैठकीला. सभेतला माणूस उठून बाहेर आला की तो बाकीच्यांसारखाच. पक्षीय राजकारणात भाग घ्यायचा नाही हाही नियम आहे, मात्र मतदान करायला आणि लोकांची कामं करायला मोकळीक आहे.

बैठकीचीही रीत आहे. एकदा मत मांडलं की ते मांडणाऱ्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं, त्यामुळे ते खोडलं गेलं तर अपमान वाटून घ्यायचा नाही. चर्चेअंती एकमत झालं तर उत्तम, नाही तर बहुमत, आणि निर्णय झाल्यावर विरोधात असलेल्यानेही तो मनापासून राबवायचा. हे कागदावर सोपं दिसतं. भावकीची बैठक ज्याने पाहिली आहे त्याला यातली अवघड जागा लगेच कळेल.

गादीच्या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती 1957 साली. बहाउल्लाह यांच्यानंतर त्यांचे पुत्र अब्दुल बहा, आणि 1921 नंतर अब्दुल बहा यांचे नातू शोगी एफेंडी यांनी समाजाची धुरा वाहिली होती. 4 नोव्हेंबर 1957 रोजी शोगी एफेंडी लंडनमध्ये अचानक वारले. अपत्य नाही, मृत्युपत्र नाही. जगभर पसरलेल्या समाजासमोर वारस नाही अशी वेळ. गाद्यांचा इतिहास जाणणाऱ्या आमच्यासारख्यांना पुढचं चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं. शोगी एफेंडी यांनी नेमलेले 27 ज्येष्ठ सेवक तेव्हा हयात होते. त्यांनी साडेपाच वर्षं तात्पुरता कारभार सांभाळला. त्यांच्यातल्या एकाने मध्येच आपणच वारस असल्याचा दावा केला, तो बाकीच्यांनी मानला नाही. मग 21 एप्रिल 1963 रोजी हैफा इथे, 56 राष्ट्रीय सभांच्या सदस्यांच्या मतांवर, नऊ जणांचं 'विश्व न्याय मंदिर' निवडलं गेलं. आणि या निवडणुकीआधी त्या ज्येष्ठ सेवकांनी मतदारांना विनंती केली होती, की आम्हाला निवडू नका. हातात आलेला कारभार त्यांनी असा सोडला. त्या पहिल्या नऊ जणांत होशमंद फतेहआजम होते, जे तोवर भारताच्या राष्ट्रीय सभेचे सचिव होते. भारतातल्या खेड्यातल्या माणसाला समजेल अशा भाषेत त्यांनी 'द न्यू गार्डन' नावाचं पुस्तक लिहिलं होतं आणि ते पुढे जगातल्या कितीतरी भाषांत गेलं.

महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक काम पाचगणीचं. 1945 साली तिथे न्यू एरा हायस्कूल सुरू झालं. शाळेचं नाव ऐकलं, की जॉन एसलमाँट यांचं 1923चं 'बहाउल्लाह अँड द न्यू एरा' हे पुस्तक आठवतं. स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी, निरनिराळ्या धर्मांची आणि देशांची मुलं एका छताखाली ठेवून शिकवणारी ही शाळा. पाचगणीला इंग्रजी शाळांची कमतरता नव्हती. या शाळेचं वेगळेपण असं, की परीक्षेच्या गुणांइतकंच मूल माणसांशी कसं वागतं याकडेही लक्ष होतं आणि आसपासच्या खेड्यांची सेवा हा शिक्षणाचा भाग मानला गेला. त्यातूनच 1980च्या दशकात ग्रामविकासाचं प्रशिक्षण देणारी स्वतंत्र संस्था पाचगणीत उभी राहिली आणि खेड्यातली तरुण मुलं-मुली तिथे येऊन हातचं कौशल्य शिकून परत जाऊ लागली.

पाचगणीतच, पण ही शाळा निघण्याच्या कितीतरी आधी शिकलेल्या शिरीन फोजदार यांचं नाव मराठी वाचकाला फारसं माहीत नाही. 1905 साली मुंबईत इराणी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या या बाई 1950 साली पतीबरोबर सिंगापूरला गेल्या. तिथे पुरुषाने चार-चार लग्नं करावीत आणि बायकोला दाद मागायला जागा नसावी, हे त्यांनी पाहिलं. 1952 साली त्यांनी तिथल्या सगळ्या जातिधर्मांच्या बायकांना घेऊन सिंगापूर कौन्सिल ऑफ विमेन उभी केली, वर्षानुवर्षं पुढाऱ्यांच्या मागे लागल्या, आणि 1961 साली तिथे महिला सनद संमत झाली. मुस्लिमेतरांसाठी एकपत्नीत्व कायद्याने आलं. मुंबईच्या मुलीने परमुलखात केलेलं हे काम आपल्याकडच्या सुधारकांच्या रांगेत बसवायला हवं.

पुढची पायरी 1960च्या दशकात आली आणि ती माळव्यात. शाजापूरच्या आसपासच्या खेड्यांत हजारो शेतकरी, शेतमजूर, दलित, आदिवासी या समाजात आले. शहरी, फारसी-इंग्रजी वळणाचा धर्म पहिल्यांदा चावडीवर पोचला आणि लगेच भजनात उतरला. कबीरपंथी चालींवर ढोलक-मंजिरीच्या साथीने बहाउल्लाह यांचं नाव गायलं जाऊ लागलं. फड बांधून कीर्तन ऐकणाऱ्या आमच्या वारकरी कानांना यात काही परकं वाटू नये. महाराष्ट्रात मात्र हा समाज बराच काळ मुंबई, पुणे, पाचगणी याच पट्ट्यात राहिला, आणि मला वाटतं, त्याची मराठी उशिरा तयार झाली. ही उणीव मोठी आहे. ज्ञानदेवांनी ज्या भूमीत ग्रंथ लोकांच्या बोलीत आणला तिथे कुठलाही विचार लोकांच्या बोलीत आल्याशिवाय रुजत नाही.

24 डिसेंबर 1986 रोजी दिल्लीच्या बहापूर गावात कमळमंदिराचं लोकार्पण झालं. फरिबोर्झ सहबा यांचं वास्तुशिल्प, 27 पाकळ्या, नऊ दारं, भोवती नऊ जलकुंड. आत मूर्ती नाही, प्रवचन नाही, दानपेटीची हाक नाही. बहाई समाज आपल्या धार्मिक कामासाठी बाहेरच्यांकडून पैसा घेतच नाही. देणगी फक्त बहाईंची, ती ऐच्छिक, आणि कोणी किती दिली हे जाहीर करायचं नाही. सप्ताहाच्या काल्याला ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची यादी ऐकत आम्ही मोठे झालो, त्यामुळे ही गोष्ट मला दर वेळी थांबून विचार करायला लावते. अन्नदानाची आमची पंगत थोर आहे, हजारो माणसं जातपात न विचारता जेवतात. तिथे देणाऱ्याचं नाव नसतं तरी भाकरी तितकीच गोड लागली असती.

दिल्लीची इमारत पाहायला कोट्यवधी लोक गेले. पण बहाई माणसाचं खरं जगणं त्या इमारतीत नाही, घरात आहे. पंधराव्या वर्षानंतर रोजची प्रार्थना ज्याची त्याने एकट्याने करायची. अंत्यविधीची प्रार्थना सोडली तर सामुदायिक नमाजासारखी रीत नाही. दुपार ते सूर्यास्त या वेळात म्हणायची एक छोटी प्रार्थना आहे, जी शेताच्या बांधावर किंवा ऑफिसातल्या खुर्चीवर मिनिटाभरात होते. रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याचा हिशेब स्वतःशी मांडायचा. मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेपासून एकोणीस दिवस सूर्योदय ते सूर्यास्त उपास, आणि मग नवरोज. दारू वर्ज्य. पाठीमागे कोणाची निंदा करणं हा मोठा दोष मानलेला. आणि जे काम सेवाभावाने केलं ते उपासनेच्या बरोबरीचं. सुताराने चोख बसवलेली चौकट, मास्तरांनी मन लावून शिकवलेला धडा, नर्सने मध्यरात्री बदललेलं सलाईन, हे सगळं त्यात आलं. सावता माळ्याच्या मळ्यात विठ्ठल पाहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दर एकोणीस दिवसांनी गावातले बहाई कोणाच्या तरी घरी जमतात. आधी प्रार्थना आणि वाचन, मग समाजाच्या कामाची चर्चा, मग खाणंपिणं. या मधल्या भागाचं मला अप्रूप आहे. हिशेब, अडचणी, सूचना, तक्रार, सगळं तिथे बोलता येतं आणि ते सभेपर्यंत पोचतं. देवाचं नाव आणि घरदार-गावाचा कारभार एकाच बैठकीत, तेही कोणा वडिलधाऱ्याच्या शेजारी जमिनीवर बसून. मोबाइलच्या काळात शेजाऱ्याशी चार शब्द बोलायला सवड नसलेल्या शहरी माणसाला अशा बैठकीची गरज खेड्यातल्यापेक्षा जास्तच आहे.

गेल्या काही दशकांत कामाचा भर अभ्यासवर्ग, मुलांचे वर्ग, किशोरांचे गट आणि घरगुती प्रार्थनासभा या चार गोष्टींवर आला आहे. हा क्रम मुळात कोलंबियाच्या खेड्यांतून आलेला आहे आणि तो कुठल्याही धर्माच्या माणसाला खुला आहे. शिकवणारा गावातलाच, आणि वर्गात शिकलेला माणूस पुढे स्वतः वर्ग घेऊ लागतो. 2012 साली विश्व न्याय मंदिराने जगात पाच ठिकाणी स्थानिक उपासना मंदिरं बांधण्याचं जाहीर केलं, त्यात भारतातलं बिहार शरीफ आहे.

इथे मला आमच्या भागाचं एक काम डोळ्यांसमोर येतं. दसरा-दिवाळी झाली की नारायणगडाच्या पंचक्रोशीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मागे ट्रॅक्टरवर भांडी, कोंबड्या, लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्याच्या फडावर कोपी बांधून पाच-सहा महिने. पाचगणीच्या डोंगराखाली, सातारा जिल्ह्यातल्या उसातही आमचीच माणसं असतात. गड जागेवर राहतो, तिथले कीर्तन, सप्ताह, शाळा जागेवर राहतात, आणि या लेकरांचं अर्धं वर्ष त्यांच्याविना जातं. मुलगी वयात आली की कोपीवर ठेवायची भीती, गावी एकटी ठेवायची भीती, म्हणून तिचं लग्न लवकर उरकतात. आईबापाला एकाच लेकराला शिकवणं परवडत असेल तर आधी मुलीला शिकवा, कारण ती पुढच्या पिढीची पहिली शिक्षिका असते, असं अब्दुल बहा सांगत. हे वाक्य मुंबईच्या सभागृहात बोलून झालं. ते उसाच्या फडावर पोचायला हवं.

ज्या समाजाला महंत लागत नाही, इमारत लागत नाही, आणि ज्याचा विचार इराण्यांच्या दुकानांतून आणि जमाल एफेंडींच्या गाठोड्यातून इथवर आला, त्याला टोळीबरोबर चालणं जमण्यासारखं आहे. पाचगणीत प्रशिक्षण घेतलेली दोन-चार तरुण मुलं डोंगर उतरून खाली यावीत. टोळीतल्याच एखाद्या दहावी शिकलेल्या सुनेला त्यांनी तयार करावं. संध्याकाळी फडावरून माणसं परतल्यावर कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तिने पोरांचा वर्ग घ्यावा, त्यांची अक्षरं सुटू देऊ नयेत. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी गावी आली की तोच वर्ग गडाच्या पायथ्याशी पुढे चालू राहावा. गडाच्या महंतांनी त्यासाठी सभामंडपाचा एक कोपरा दिला तर त्यात कोणाच्याच श्रद्धेला उणेपणा नाही. पुढच्या दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी हे बोलणं दोन्हीकडे व्हावं आणि भाद्रपदातच शिकवणारीची निवड पक्की व्हावी, म्हणजे पहिल्या कोपीबरोबर वर्गही उभा राहील.